कोल्ड स्टोरेजच्या सेन्सरचा डेटा: आधी रिकाम्या जागा वाचा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या सासष्टीत जेटीजवळ बर्फाचा कारखाना, त्याला लागून मासळीच्या चार फ्रीझर खोल्या आणि दोन चिलर, म्हणजे माल न गोठवता थंड ठेवायच्या खोल्या. सगळे मिळून २२ सेन्सर: तापमान, दार, कॉम्प्रेसरचा करंट, ब्राइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) टाकीचं तापमान. दर पाच मिनिटांनी एक नोंद, वर्षभराचा डेटा क्लाउडवर. सेन्सर बसवणारी कंपनी दरमहा फ्रीझरचा अहवाल देते, ‘सरासरी उणे १८.६, ९९.२ टक्के वेळ मर्यादेत’. तरीही सरत्या हंगामात इसवण आणि बांगड्याच्या दोन लॉटबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार आली. आता तीच कंपनी ‘एआय मॉड्यूल’ घ्या म्हणते आहे. घ्यावं का? आणि स्वतः विश्लेषण करायचं तर सुरुवात कुठून करायची?

मॉड्यूलचं शेवटी बोलतो. आधी तो ९९.२चा आकडा घेऊ, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

हे टक्के कशाचे, ते कंपनीला विचारा. अशा बहुतेक अहवालांत आलेल्या नोंदींचे टक्के काढलेले असतात, यायला हव्या होत्या त्या नोंदींचे नव्हे. ३० दिवसांच्या महिन्यात एका सेन्सरकडून ८,६४० नोंदी यायला हव्यात. धरा, ८,२१० आल्या आणि त्यातल्या ९९.२ टक्के मर्यादेत निघाल्या. अहवाल खोटा नाही. पण ४३० नोंदी आल्याच नाहीत, आणि पाच मिनिटांच्या हिशोबाने ते जवळजवळ ३६ तास होतात. महिन्यातला दीड दिवस त्या खोलीत काय चाललं होतं ते कोणालाच ठाऊक नाही, आणि अहवालात त्याबद्दल एक ओळही नाही. खरा हिशोब तीन रकान्यांत मांडायला हवा: मर्यादेत ९४.३ टक्के, मर्यादेबाहेर ०.८ टक्के, आणि ‘माहीत नाही’ सुमारे ५ टक्के. तिसरा रकाना नसलेला अहवाल मी तरी वाचत नाही.

हा दीड दिवस महिनाभर सुटासुटा विखुरलेला असता, इथे एक नोंद गेली, तिथे दोन गेल्या, तर फार बिघडलं नसतं. पण तसं नसतं. नोंदी जातात कधी ते बघा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने माडाचं चुडत तारेवर पडलं, फीडर ट्रिप झाला, वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला आणि त्याच क्षणी राउटरही बंद पडला. खोली तापायला लागते नेमक्या त्याच वेळी सेन्सर गप्प होतो. म्हणजे तुमच्याकडे आहे तो डेटा खोली बरी असतानाचा आहे, आणि नाही तोच तुम्हाला हवा आहे. संख्याशास्त्रात याला नाव आहे, उपायही आहेत; पण पहिला उपाय प्लांटवरचाच आहे.

सगळ्यात आधी कंपनीकडून पाच मिनिटांच्या मूळ नोंदी सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, मागा, आणि आजच मागा. अनेक ठिकाणी मूळ नोंदी दोन-तीन महिनेच ठेवतात आणि मग फक्त तासाची सरासरी शिल्लक राहते. डॅशबोर्डवर रेघ दिसते म्हणून मागे मूळ डेटा असेलच असं समजू नका. आकाराने घाबरू नका. २२ सेन्सर, दिवसाला २८८ नोंदी, म्हणजे दिवसाला ६,३३६ आणि वर्षाला २३ लाखांच्या आसपास ओळी. साधा लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिची पांडास ही तक्त्यांसाठीची लायब्ररी, एवढ्यात काम होतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये मात्र साडेदहा लाखांच्या आसपासच ओळी मावतात, तेव्हा तिथे सेन्सरवार तुकडे करावे लागतील.

मग प्रत्येक सेन्सरच्या दोन लागोपाठच्या नोंदींमधलं अंतर काढा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंतर दिसलं की त्याची एक ओळ लिहा: कधीपासून, कधीपर्यंत, आधीचं तापमान, नंतरचं तापमान, आणि त्या वेळी बाकीचे सेन्सर बोलत होते का. ही यादी म्हणजेच तुमचं पहिलं विश्लेषण. एकच सेन्सर गप्प आणि बाकीचे चालू, तर बॅटरी, केबल किंवा सिग्नल. एका गेटवेवरचे (सेन्सरच्या नोंदी गोळा करून नेटवर पाठवणाऱ्या डब्यावरचे) सगळे एकदम गप्प, तर वीज किंवा इंटरनेट.

या दोहोंतलं कोणतं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंटरनेट गेलं असेल तर कॉम्प्रेसर आपला चालू होता, मासळीला काही झालं नाही. वीज गेली असेल तर गोष्ट वेगळी. इथे एक स्वस्त वस्तू फार कामाला येते: कॉम्प्रेसरच्या पॅनेलवरचा डिजिटल एनर्जी मीटर. त्यातला युनिटचा आकडा वीज गेली म्हणून पुसला जात नाही, मीटर तो स्वतःच्या मेमरीत राखून ठेवतो. तो आकडा मॉडबसवरून, म्हणजे मीटरच्या डेटा केबलवरून, गेटवेला जात असेल तर प्रत्येक रिकाम्या जागेच्या अलीकडचं आणि पलीकडचं रीडिंग घ्या आणि वजाबाकी करा. धरा, जागा दोन तासांची आहे आणि एरवी दोन तासांत यंत्र ३० युनिट खातं. फरक २८-३० आला तर यंत्र चालू होतं, गेलं ते फक्त नेट. फरक दोन-चारच आला तर खोली दोन तास बंद होती, हे लेखी. पंधराच्या आसपास आला तर वीज मध्येच परत आली आणि राउटर मात्र अडकून बसला. फक्त मीटर चेंजओव्हर स्विचच्या (लाइन आणि जनरेटर यांत बदल करणाऱ्या स्विचच्या) पुढे, लोडच्या बाजूला असला पाहिजे. अलीकडे असेल तर जनरेटरवर चाललेले तास त्यात येत नाहीत आणि तुम्ही उगाच घाबराल.

तुमच्याकडे असा मीटर जोडलेला नाही, करंटचे सेन्सर आहेत. ते दर पाच मिनिटांनी ‘आत्ता किती अँपिअर’ एवढंच सांगतात. कॉम्प्रेसर सहा मिनिटं चालू आणि चार मिनिटं बंद अशा फेऱ्यांत चालत असेल तर पाच मिनिटांची एकेक झलक घेऊन तो दिवसात किती वेळ चालला हे नीट कळत नाही. कधी लागोपाठ ‘चालू’च सापडेल, कधी एकाआड एक ‘चालू’ आणि ‘बंद’. शिवाय झलक हरवली की हरवली. चढत जाणाऱ्या आकड्याचं तसं नाही. यंत्र एकूण किती सेकंद चाललं, दार एकूण किती वेळा उघडलं, किती युनिट जळले, असे आकडे उपकरणानेच मोजून पाठवले तर मधल्या दहा नोंदी गेल्या तरी बेरीज शाबूत राहते. सेन्सर बसवणाऱ्याला फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, एवढा एक बदल करायला लावा. मोजणी उपकरणाच्या साध्या मेमरीत असेल तर वीज गेल्यावर ती शून्यापासून सुरू होते. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की रीसेट झाला असं धरून बेरीज करायची.

गेलेल्या वर्षाचं काय, असं विचाराल. त्याला ऑपरेटरची वही आहे. अमोनियावर थंडावा तयार करणाऱ्या प्लांटवर सक्शन आणि डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गॅसचा दाब) ठरावीक वेळाने वहीत लिहायची पद्धत जुनी आहे, आणि वीज गेल्या-आल्याची वेळ, जनरेटर लावल्याची वेळ बहुतेक तिथेच असते. अर्धी मराठीत, अर्धी रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत, एखाद्या पानावर चहाचा डाग. पण ती नेट गेलं म्हणून बंद पडत नाही. दोन दुपारी खर्च करून त्यातल्या वीज गेल्याच्या वेळा टाइप करून घ्या आणि रिकाम्या जागांच्या यादीशेजारी ठेवा. त्या ऑपरेटरलाही शेजारी बसवा. ‘ही जागा बघा, चवथीच्या आदल्या दिवसाची’, असं म्हटलं की त्यांना बरंच काही आठवतं, जे वहीतही नसतं.

रिकाम्या जागा भरून काढायचा मोह होईल. पांडासमध्ये ते एका ओळीचं काम आहे: आधीचा बिंदू, नंतरचा बिंदू, मध्ये सरळ रेघ. तुमच्या कामात हे करू नका. समजा दुपारी २ला उणे १९ होतं, वीज गेली, ४ला परत आली, पण राउटर हाताने बंद-चालू करायला कोणी नव्हतं म्हणून नोंदी ६ला सुरू झाल्या आणि पहिली नोंद उणे १८. सरळ रेघ सांगेल की चार तासांत फक्त एक अंश चढलं. खरं तर ४ वाजता खोली कुठवर चढली होती ते त्या दोन टोकांवरून कळायला मार्गच नाही. आलेखात ती जागा रिकामीच दिसू द्या.

अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्याला आत्ताचे दिवस उत्तम आहेत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तुमच्या एक-दोन खोल्या रिकाम्या असतील. एका खोलीचं कूलिंग तीन तास बंद ठेवा, दार लावलेलं, सेन्सर आणि गेटवे यूपीएसवर, आणि तापमान कसं चढतं ते नोंदवा. रिकामी खोली भरलेल्या खोलीपेक्षा लवकर तापते, म्हणून हा वेग म्हणजे वाईटात वाईट धरायचा वेग. आता ज्या जागा ‘वीज गेली’ म्हणून निश्चित झाल्या त्यांना तो लावा: इतके तास बंद, म्हणजे हवा जास्तीत जास्त इथवर चढली असेल. बाहेर ३३ अंश असताना आणि २६ असताना वेग वेगळा असतो हेही ध्यानात ठेवा. जूनमधला वेग मे महिन्याला लावताना थोडा वाढवून घ्या. आकडा अंदाजे असला तरी सरळ रेघेपेक्षा प्रामाणिक आहे.

आता आलेल्या नोंदींकडे. त्यातही सगळ्याच नोंदी तापमान सांगत नसतात.

तुम्ही सेन्सरचा प्रकार लिहिलेला नाही, पण केबलच्या टोकाला स्टीलचा प्रोब असेल तर तो बहुधा डीएस१८बी२० ही तापमान मोजणारी चिप. या चिपला वीज मिळाल्यावर मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर ती ८५ अंश सांगते, कारण चालू होताना तिच्या मेमरीत तोच आकडा असतो. पूर्ण मोजमापाला पाऊण सेकंद लागतो. आणि केबल सुटली की आर्डुइनोवर (अशा उपकरणांतल्या छोट्या संगणक-बोर्डवर) सर्रास वापरली जाणारी लायब्ररी उणे १२७ देते. मूळ नोंदींत हे दोन्ही आकडे डोळ्यांत भरतात. तासाच्या सरासरीत ते विरघळून जातात, आणि तिथेच घात होतो. तासाच्या १२ नोंदींपैकी ११ उणे १८ आणि एक ८५, तर सरासरी उणे ९.४. खोली ठणठणीत, आणि अहवालात धोका. उलट ११ नोंदी उणे १८ आणि एक उणे १२७, तर सरासरी उणे २७. ही दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण महिन्याच्या सरासरीत ती खऱ्या गरम तासांना झाकून टाकते. तुमचं ‘सरासरी उणे १८.६’ कशाकशाचं बनलंय ते बघायला पाच मिनिटं लागतील: फाइलमध्ये ८५ आणि उणे १२७ किती वेळा येतात तेवढं मोजा. ते आकडे काढून टाका, पण विसरू नका. लागोपाठ येणारे ८५ म्हणजे त्या प्रोबला वीज नीट मिळत नाही. उणे १२७ फक्त पावसाळ्यात येत असतील तर जंक्शन बॉक्समध्ये पाणी किंवा खारी हवा शिरली आहे; किनाऱ्यावर तांब्याच्या उघड्या जोडांचं आयुष्य फार नसतं.

प्रोब खरे किती बोलतात हेही एकदा तपासा. या चिपची हमी उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाची आहे. उणे १८ला तेवढीही नाही. तेव्हा ‘खोली २ ही खोली ३पेक्षा ०.४ने गरम आहे’ असल्या निष्कर्षाला अर्थ नाही. तुमच्याकडे बर्फ फुकट आहे. गोड्या पाण्याचा बर्फ बारीक फोडा, थर्मासमध्ये गच्च भरा, फटी भरतील एवढंच गोडं पाणी घाला, सगळे प्रोब एकत्र बुडवा, दहा मिनिटं थांबा. सगळ्यांनी शून्य सांगायला हवं. जो जितका चुकतो तितकी दुरुस्ती तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा करा. उणे १८ची खात्री यातून होत नाही, त्यासाठी कॅलिब्रेशन लॅब हवी, पण बिघडलेला प्रोब इथेच उघडा पडतो.

वेळेचा घोळ हा दुसरा नेहमीचा. सर्व्हर जागतिक वेळ धरतो, वही भारतीय, दोघांत साडेपाच तासांचा फरक. वहीतली रात्री २ची वीज फाइलमध्ये आदल्या दिवशी संध्याकाळी साडेआठला सापडेल. फाइलमध्ये १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी तारीख दिसली तर हसू नका. उपकरणाला घड्याळाची बॅटरी नाही, ते नुकतंच चालू झालं आणि नेटवरून वेळ मिळायच्या आत त्याने नोंद टाकली. ती नोंद वीज परत आल्याचा पुरावा आहे. कंपनीकडून नोंद घेतल्याची वेळ आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ असे दोन्ही रकाने मागा. गेटवे नेट नसताना नोंदी साठवून नंतर पाठवत असेल तर दोन वेळांत तासांचा फरक दिसतो. तो नेहमी शून्यच असेल तर गेटवे बहुधा काहीच साठवत नाही असं समजा. नोंदी पाठवायला एमक्यूटीटी ही निरोप पोचवण्याची पद्धत वापरत असतील तर एकच नोंद दोनदा येऊ शकते, कारण ‘निदान एकदा पोचेल’ या हमीत दोनदा पोचणं बसतं. आणि ‘रिटेन’ केलेला, म्हणजे मध्येच राखून ठेवलेला, जुना निरोप सर्व्हर पुन्हा जोडला गेल्यावर आत्ताचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. नेट आल्या आल्या पहिलीच नोंद आधीच्या शेवटच्या नोंदीशी दशांशापर्यंत जुळत असेल तर ती शिळी असल्याचा संशय घ्या.

एवढं झालं की मग तापमानाचा आलेख उघडा. फ्रीझरच्या एका दिवसाचा मोठा करून बघा. ठरावीक वेळी दिसणारे टोकदार उंचवटे, उणे १८वरून वीस-पंचवीस मिनिटांत उणे १०पर्यंत जाऊन पुन्हा खाली, हे डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवायची फेरी. घड्याळ लावून घ्यावं इतके नियमित. त्याने मासळी तापत नाही, कॉइलजवळची हवा तापते. दार उघडं राहिल्याचे उंचवटे अनियमित असतात, होड्या लागण्याच्या आणि टेम्पो भरण्याच्या वेळी दाट होतात, आणि दाराच्या सेन्सरशी जुळतात. वीज जाते तेव्हा सगळ्या खोल्या मिळून सावकाश चढतात. आणि एकच खोली सावकाश चढते, करंट चालू, दार बंद, तर मेकॅनिकला फोन करा: कॉइलवर बर्फ साचलाय, पंखा गेलाय, नाहीतर त्या खोलीला गॅस पुरत नाही. या चार आकृत्या डोळ्यांना ओळखता आल्या की निम्मं विश्लेषण झालं. यंत्राला शिकवायच्या तर आधी कोणीतरी त्या ओळखून नावं द्यायला हवीतच.

हवेचं तापमान आणि मासळीचं तापमान यांतलं अंतर कमी करायला एक प्रोब ग्लायकॉलच्या (न गोठणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बुडवून रॅकच्या मध्यावर ठेवा. लशींच्या फ्रीजमध्ये हेच करतात. बाटलीतला प्रोब डीफ्रॉस्टला दाद देत नाही. तो चढला तर माल खरोखर तापतोय. इशारे याच प्रोबवर बांधा. हवेचा प्रोब राहू दे, तो यंत्राची तब्येत सांगतो.

त्याहून चांगली तब्येत सांगतो तो कॉम्प्रेसरचा चालू राहण्याचा वाटा, म्हणजे २४ तासांतले किती तास तो चालला. तापमान उणे १८ला स्थिर राखण्यासाठी यंत्राला पूर्वी १४ तास लागत होते आणि आता १९ लागतात, तर तापमानाच्या आलेखात काहीच दिसणार नाही, वीजबिलात दिसेल. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवर मीठ-माती साचणं, दाराचं गॅस्केट फाटणं, गॅस गळणं, हे सगळं इथे आठवडे आधी कळतं. फक्त तुलना सारख्याशी सारख्याची करायची. बाहेरचं तापमान, हवेतला दमटपणा आणि दार एकूण किती मिनिटं उघडं होतं, या तिघांवर साधं रिग्रेशन (या तिघांवरून किती तास लागायला हवेत त्याचं गणित) बसवा आणि उरलेला फरक आठवड्याच्या सरासरीने बघा. बाहेरचा सेन्सर सावलीत, कंडेन्सरच्या गरम हवेपासून दूर लावा. दमट हवेत दार उघडलं की आत पाण्याची वाफही शिरते आणि ती कॉइलवर गोठते, म्हणून पावसाळ्यातली दहा मिनिटं आणि जानेवारीतली दहा मिनिटं एक नव्हेत. सरळ बेरजेच्या मॉडेलला ते कळत नाही, तेव्हा दाराची मिनिटं आणि दमटपणा यांचा गुणाकारही एक रकाना म्हणून घाला.

आणि बंदीचे दोन महिने वेगळे काढा. जून-जुलैत माल नाही, दार उघडत नाही, काही खोल्या बंद. त्या आठवड्यांना ‘नेहमीचं’ धरून मॉडेल बसवलं तर १ ऑगस्टला ट्रॉलर सुटल्यावर सगळंच त्याला विपरीत वाटेल. श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत स्थानिक विक्री पडते, तेही दाराच्या मोजणीत दिसतं. ही माहिती कुठल्याही सेन्सरमधून येत नाही, ती तुम्हीच कॅलेंडरचा एक रकाना करून घालायची.

आता त्या दोन लॉटचं. लॉट कोणत्या खोलीत, कोणत्या रॅकवर, किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, एवढ्या चार गोष्टी हव्यात. त्या असतील तर त्या खोलीच्या रिकाम्या जागांच्या यादीत तो काळ शोधा. बांगड्याचा लॉट चिलरमधून गेला असेल तर ते आधी बघा. बांगडा, कुपा, इसवण या कुळातली मासळी काही तास चार अंशांच्या वर राहिली की तिच्यात हिस्टामाइन हे बाधा करणारं रसायन तयार व्हायला लागतं, आणि ते एकदा झालं की गोठवून किंवा शिजवून जात नाही. म्हणून चिलरच्या बाबतीत सरासरी बघूच नका, सलग किती मिनिटं वर होतं ते बघा. आणि हेही शक्य आहे की तुमच्या खोल्यांत काहीच घडलं नाही. माल होडीवरच किंवा जेटीच्या उन्हात बर्फाशिवाय पडून होता. तुमचा डेटा तुमच्या दारापासून सुरू होतो. माल घेताना दर लॉटमागे दोन-तीन माशांत सुईचा थर्मामीटर खुपसून आतलं तापमान लिहायला सुरुवात करा, नाहीतर पुढच्या तक्रारीलाही हेच उत्तर द्यावं लागेल.

राहिलं ते मॉड्यूल. ही मॉड्यूलं बहुतेक प्रत्येक नोंद ‘वेगळी’ आहे का ते बघतात. दिवसाला ६,३३६ नोंदी, त्यातल्या एक टक्का चुकून वेगळ्या ठरवल्या तरी रोज ६३ इशारे. हजारात एक म्हटलं तरी रोज सहा. आठवड्याभरात प्लांटवरचा माणूस फोन सायलेंटवर टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दुसरं, सरासरीपासून तीन सिग्मा (नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट) दूर असलं की ‘वेगळं’, हा सोपा नियम इथे चालत नाही, कारण डीफ्रॉस्टमुळे तुमच्या नोंदी एका नव्हे तर दोन ढिगांत पडतात आणि लागोपाठच्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात. तिसरं, मॉड्यूल आलेल्या नोंदी तपासतं, न आलेल्यांबद्दल ते काय करतं?

त्याऐवजी आत्ता दोन नियम लावा. ग्लायकॉलचा प्रोब सलग अर्धा तास ठरलेल्या मर्यादेच्या वर राहिला की फोन. आणि कुठलीही खोली पंधरा मिनिटं गप्प राहिली की फोन. हा दुसरा इशारा सर्व्हरने द्यायचा, उपकरणाने नव्हे. मेलेलं उपकरण काय कळवणार? राउटर आणि गेटवे छोट्या यूपीएसवर टाका, गेटवेत दुसऱ्या कंपनीचं सिम घाला. फ्रीझरच्या आत बॅटरीवरचे सेन्सर असतील तर ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, तेव्हा ‘बॅटरी ९० टक्के’ या आकड्यावर न विसंबता ठरलेल्या तारखेला बदला. हा सगळा खर्च मॉड्यूलच्या वर्गणीपुढे किरकोळ असावा.

तरीही कंपनी आग्रह धरत असेल तर तिला एक काम द्या. ऑगस्ट ते मार्चचा डेटा घेऊन मॉड्यूल शिकवा, एप्रिल-मेवर चालवा, आणि दिलेल्या प्रत्येक इशाऱ्याची वेळ आम्हाला लेखी द्या. वहीतल्या नोंदी मात्र त्यांना दाखवू नका. मग वही आणि त्यांची यादी शेजारी ठेवून तीन गोष्टी मोजा: वहीतल्या किती घटना त्यांनी धरल्या, किती इशारे फुकट गेले, आणि वरच्या दोन साध्या नियमांनी न धरलेलं असं त्यांनी काय धरलं. तिसऱ्या रकान्यात काही असेल तर किमतीची बोलणी करा. हे सगळं ३१ जुलैच्या आत उरकून घ्या. ट्रॉलर सुटले की प्लांटवर वही चाळायला कोणालाच सवड नसते.